कुशलप्रश्नांचे इंग्रजी

इंग्रजी ग्रंथ अनायासे वाचणारा, अर्जात किंवा पत्रव्यवहारात सहसा न चुकणारा सुशिक्षित भारतीय मनुष्य चहापानाच्या प्रसंगी मात्र पुष्कळदा गप्प उभा असलेला आढळतो. त्याचा शब्दसंग्रह अपुरा असतो असे नाही. भेटीगाठींत वापरली जाणारी वाक्ये केवळ शब्दार्थाने उलगडत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

याचे मूळ काही अंशी शिक्षणक्रमात आहे. १८३५ नंतर इंग्रजीचा येथे प्रसार झाला तो मुख्यतः शिक्षणाची व कारभाराची भाषा म्हणून. ढाक्यात अध्यापन करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात (१९२६) वाचनाला अग्रस्थान दिले. बरेच विद्यार्थी शाळा मध्येच सोडतात. तेव्हा निदान वाचनाचे कौशल्य तरी त्यांच्या पदरी पडावे, असा त्यांचा विचार होता. त्या परिस्थितीत तो अयोग्य म्हणता येणार नाही. तथापि पुस्तकातून मुखावाटे येणारे इंग्रजी पुस्तकीच राहिले.

गप्पांतील वाक्यांचे स्वरूप मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली स्पष्ट केले. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले होते. हवापाणी, क्षेमकुशल यांविषयीचे बोलणे माहिती देण्यासाठी नसून माणसांत जवळीक निर्माण करण्यासाठी असते, असे त्यांनी दाखविले. ‘जेवण झाले का?’ असे विचारणारा मराठी शेजारी काही जेवणाचे आमंत्रण देत नसतो. हेच वाक्य इंग्रजीत शब्दशः उतरविले, तर इंग्रज पाहुणा मात्र आमंत्रणाच्या अपेक्षेने थांबण्याचा संभव असतो.

उलट बाजूनेही असेच घडते. ‘हाउ डू यू डू?’ हे वाक्य प्रश्नार्थक दिसते. परंतु त्याचे रूढ उत्तर म्हणजे तेच वाक्य परत म्हणणे. आता ते बरेचसे जुनाट झाले असून तरुण मंडळी ‘हाउ आर यू?’वर भागवितात. त्यावरही ‘फाइन, थँक यू’ एवढेच अपेक्षित असते. गुडघेदुखीचा वृत्तांत नव्हे. ‘यू मस्ट कम टू डिनर सम टाइम’ यात दिवस व वेळ सांगितलेली नसेल, तर ते बहुधा सौजन्यच समजावे. ‘गुड नाइट’ निरोपाच्या वेळी म्हणावयाचे असते. रात्री आठ वाजता भेटलेल्या गृहस्थालाही अभिवादन ‘गुड इव्हनिंग’ असेच करावे लागते.

सर्वांत फसवे वाक्य ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ हे होय. बसू देण्यास तयार असलेला माणूस उत्साहाने ‘येस, येस’ म्हणतो आणि शब्दशः पाहता ‘होय, माझी हरकत आहे’ असे सांगून बसतो. येथे ‘नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणावयास हवे. म्हणून अशी वाक्ये सुटी पाठ करण्यात फारसा लाभ नाही. प्रसंग, वाक्य आणि त्याचे उत्तर ही तिन्ही एकत्र लक्षात ठेवावी लागतात. दोघांनी आळीपाळीने यजमान व पाहुणा होऊन मोठ्याने केलेला सराव कोशापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

भारतीय शिष्टाचाराने इंग्रजीत काही भरही घातली आहे. ‘शुभनाम’वरून आलेले ‘गुड नेम’ परदेशी माणसाला चमत्कारिक वाटते, पण येथे त्यातील आदर ऐकणाऱ्याला तत्काळ कळतो. त्याला हसण्याचे कारण नाही. निरोपाचे मात्र तसे नाही. मराठी माणूस ‘येतो’, बंगाली ‘आशी’ आणि तमिळ ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असे म्हणून उठतो. कारण ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जाते. त्याच सवयीने ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणून कोणी दाराबाहेर पडला, तर इंग्रज यजमान दार उघडे ठेवून त्याची वाट पाहत बसेल.