स्टॅक दुभंगतो तेव्हा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या अनेक कारखान्यांत सर्व्हर रूम म्हणजे एसी लावलेली छोटी खोली आणि तिच्यात एक रॅक. रॅकमध्ये एकावर एक बसवलेले तीन-चार स्विच असतात आणि मागून ते जाड, आखूड केबलींनी एकमेकांना जोडलेले असतात. पेट्या चार, पण बाकीच्या नेटवर्कला दिसतो तो एकच स्विच. त्याचा आयपी पत्ता एक, कॉन्फिगरेशन एक, मास्टर एक. यालाच स्टॅक म्हणतात. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० आणला आणि ही पद्धत रुळली. नऊ पेट्यांपर्यंत एक वर्तुळ, त्यावर ३२ गिगाबिटचा प्रवाह. ज्युनिपरने २००८ मध्ये दहा पेट्यांपर्यंतचा व्हर्च्युअल चासी दिला.

विकताना सांगितला जातो तो फेलओव्हर. मास्टर जळाला की दुसरी पेटी कारभार हाती घेते, आणि हे काम खरोखर चांगलं होतं. पुढचा मास्टर अग्रक्रमाच्या आकड्यावर ठरतो. सिस्कोत तो १ ते १५ असतो. कुणी आकडा दिलाच नाही तर सगळ्यांचा १ राहतो आणि अखेर लहान मॅक पत्ता निर्णय करतो. लहान पत्ता बहुधा सगळ्यात जुन्या पेटीचा असतो. म्हणजे रॅकमधला सगळ्यात थकलेला स्विच कारभारी होऊन बसतो. आकडा लिहायला एक ओळ लागते, ती लिहिलीच पाहिजे.

त्याहून जास्त राहून जाते ती शेवटची केबल. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला जोडला की स्टॅक चालू होतो आणि दिवे हिरवे होतात. चौथ्यातून पहिल्याकडे परत येणारी केबल नसली तरी काही बिघडल्यासारखं वाटत नाही. वर्तुळ पूर्ण असेल तर एक जोड तुटल्यावर फक्त वेग निम्मा होतो. वर्तुळ नसेल तर तोच एक जोड स्टॅकचे दोन तुकडे करतो.

आणि दुभंगलेला स्टॅक हा मेलेल्या स्विचपेक्षा वाईट. दुसऱ्या तुकड्याला मास्टरचा आवाज ऐकू येत नाही. मास्टर गेला की मधली केबल गेली, हे त्याला आतून कळण्याचा मार्गच नाही. तो शिकवल्याप्रमाणे स्वतःला मास्टर घोषित करतो. आता एकाच पत्त्याचे, एकाच कॉन्फिगरेशनचे दोन मालक जिवंत असतात. पिंग कधी लागतो, कधी लागत नाही. बिलिंग चालतं पण कॅमेरे जातात, थोड्या वेळाने उलटं होतं. सगळे दिवे हिरवेच असल्यामुळे दोष सर्व्हरवर, सॉफ्टवेअरवर, इंटरनेटवर ढकलला जातो.

यावर उपाय म्हणजे स्टॅकच्या केबलींपासून वेगळी अशी साक्षीची वाट. एचपीईच्या आयआरएफ या स्टॅक-पद्धतीत तिला मॅड म्हणतात. दोन पेट्यांमध्ये फक्त एवढ्याच कामाची एक थेट केबल टाकता येते, किंवा दोन्हींना जोडलेला तिसरा स्विच निरोप पोचवतो. दोन मास्टर आहेत असं कळलं की एकाने आपले पोर्ट बंद करायचे. कुणी, यावर कंपन्यांचं एकमत नाही. आयआरएफमध्ये सर्वसाधारणपणे लहान क्रमांकाचा मास्टर राहतो. सिस्कोच्या स्टॅकवाइज व्हर्च्युअलमध्ये जुना मास्टर माघार घेतो आणि नवा चालू राहतो. धडधाकट स्विचने स्वतःहून गप्प बसणं, हे मला या यंत्रातलं सगळ्यात शहाणं काम वाटतं. फेलओव्हरपेक्षा ते अवघड आहे.

ज्युनिपर तुकड्यात किती सदस्य उरले हे मोजून कोण जगेल ते ठरवते. पण दोनच पेट्या असतील तर बहुमत कुठून आणणार? म्हणून तिथे ही दुभंग-ओळख बंद ठेवा, अशी कंपनीचीच शिफारस आहे. नाशिकच्या छोट्या उद्योगांत दोन पेट्यांचे स्टॅक पुष्कळ असणार. त्यांनी दोन्ही स्टॅक-केबली न चुकता लावाव्यात. एकीवर विसंबू नये.

सातपूरमध्येच ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर आहे. तशा ठिकाणी लक्ष ठेवायला माणसं असतात. कारखान्यात मात्र बोलावल्यावर येणारा एक कंत्राटदार असतो, आणि घाईत तो निसटलेली केबल भर दुपारी परत खोचतो. दोन तुकडे जुळताना हरलेली बाजू रीबूट होते आणि त्या बाजूचे पोर्ट तेवढा वेळ बंद पडतात. ज्या तुकड्याला परत घ्यायचं त्याची वीज आधी बंद करावी, केबल जोडावी, मग तो चालू करावा, आणि हे शिफ्ट संपल्यावर.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडावर आणि कुशावर्तावर गर्दी लोटेल. तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्र नियंत्रण कक्षापर्यंत जाईल ते स्विचमधूनच. अशा कामाचा स्टॅक ताब्यात घेताना फक्त मास्टरची वीज काढून पाहणं पुरेसं नाही, कारण ती चाचणी फेलओव्हरची झाली. दोन्ही पेट्या चालू ठेवून मधल्या सगळ्या स्टॅक-केबली उपसाव्यात, कुठल्या पेटीचे पोर्ट बंद झाले आणि किती सेकंदांत, ते कागदावर लिहून सही घ्यावी, मगच बिल मंजूर करावं.