वैद्यकीय प्रवेशातील कालातिक्रम आणि त्याचे उपद्रव

नारळी पौर्णिमा आटोपली की आपल्या किनाऱ्यावरील होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. नेमक्या त्याच सुमारास चिकित्सालयात काही पालक औषधाबरोबर एक निराळी विचारणा घेऊन येतात. "डॉक्टरसाहेब, मुलीला बारावीला चांगले गुण पडले आहेत. तिला तुमच्यासारखे बी.ए.एम.एस. करायचे आहे. अर्ज कोठे मिळेल?" नीट परीक्षा दिली आहे काय, असे विचारल्यावर मायलेकी एकमेकींकडे पाहतात. तो अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून झालेला असतो आणि परीक्षा मे महिन्यात होऊन गेलेली असते. गुण असूनही त्या मुलीचे वर्ष गेलेले असते, आणि हे सांगण्याची वेळ आपल्यावर येते.

आपल्यापैकी जे ज्येष्ठ वैद्य बारावीच्या गुणांवर प्रवेश घेऊन शिकले, त्यांच्या मनात जुनाच क्रम घट्ट बसलेला आहे : आधी निकाल, मग गुणपत्रिका, मग अर्ज. पालक आपल्याला विचारतात आणि आपणही नकळत तोच क्रम सांगतो. आज तो पूर्णपणे उलटा झाला आहे. शैक्षणिक वर्ष २०१८-१९ पासून आयुर्वेद, होमिओपॅथी व युनानी पदवी प्रवेशासाठीही नीट अनिवार्य झाली. म्हणजे ज्या वेळी विद्यार्थी बारावीच्या प्रात्यक्षिकांत गुंतलेला असतो, त्याच वेळी त्याच्या पुढील साडेपाच वर्षांचा अर्ज भरला जावा लागतो. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांत खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के व राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांची अट आहेच. परंतु नीट नसेल तर ९० टक्क्यांचाही उपयोग नाही.

'मुदत वाढतेच' हा दुसरा गैरसमज. तो निराधार नाही, म्हणूनच अधिक घातक आहे. २०२३ साली अर्जाची मुदत ६ एप्रिल रोजी संपली आणि नंतर ११ ते १५ एप्रिल या काळात पुन्हा संधी दिली गेली. २०२४ साली ९ मार्चची मुदत १६ मार्चपर्यंत वाढली आणि ९ व १० एप्रिल रोजी संकेतस्थळ पुन्हा उघडले. सलग दोन वर्षे असे घडल्यावर लोकांनी तो नियमच मानला. २०२५ साली मात्र ७ फेब्रुवारी ते ७ मार्च एवढाच अवधी मिळाला. ७ मार्चच्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी अर्ज बंद झाला; ९ ते ११ मार्च हे तीन दिवस केवळ भरलेल्या अर्जातील दुरुस्तीसाठी होते. ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांना दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सुशिक्षित पालकही तीत फसतात. नीटचा अर्ज हा प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या जागांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के आयुष जागांसाठी केंद्राच्या आयुष प्रवेश समुपदेशन समितीकडे आणखी वेगळी नोंदणी असते. नीटमध्ये उत्तम गुण मिळवून 'आता बोलावणे येईल' म्हणून घरी वाट पाहत बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. बोलावणे कधीच येत नाही. राज्याच्या गुणवत्ता यादीत नाव यावयाचे असेल तर ते आपणच नोंदवावे लागते. तेथेही पसंतीक्रम भरण्याची मुदत पुन्हा निराळी असते.

तरीही अर्जाची तारीख चुकणे हा विलंबाचा केवळ शेवटचा, डोळ्यांना दिसणारा टप्पा आहे. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले षट्क्रियाकाल आपणा सर्वांना परिचित आहेत. संचयावस्थेत जे अल्प उपायाने साधते, ते भेदावस्थेत महत्प्रयासानेही साधत नाही. प्रवेशाच्या बाबतीत हा संचय अकरावीत सुरू होतो, आणि तो कागदपत्रांचा असतो.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यावयाचा तर जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत प्रस्ताव जाणे अपेक्षित आहे. पडताळणी समितीसमोर जुना पुरावा ठेवावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीची नोंद असेल तर काम सुकर होते. आता या तारखा रायगडच्या किनाऱ्यावर लावून पाहाव्यात. १९६७ पूर्वी आमच्या कोळीवाड्यांतील किती आजोबा शाळेत गेले होते? जे गेले, त्यांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात कोठे 'कोळी', कोठे 'सोनकोळी', तर कोठे नुसतेच 'हिंदू' लिहिलेले सापडते. कातकरी बांधवांची स्थिती त्याहून कठीण आहे. १९५० पूर्वीचा शालेय पुरावा त्यांच्या वाडीवर शोधणे म्हणजे वाळूत सुई शोधणे. मग गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, जुने महसुली कागद, आत्या-काकांच्या शाळेतील नोंदी, रक्ताच्या नात्यातील कोणाला वैधता मिळाली असल्यास त्याची प्रत, असे एकेक जुळवत जावे लागते. त्यात ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत असंख्य घरांची कौले व पत्रे उडविले. ट्रंकेतील कागद भिजून लगदा झाले, ते अनेकांनी पुन्हा काढलेलेच नाहीत. दाखल्याची गरज पडते तेव्हाच ते हरवल्याचे लक्षात येते.

मुरूड तालुक्यातील एका कोळीवाड्यातील मुलीचे उदाहरण मला जवळून माहीत आहे. नीटचे गुण पुरेसे होते. वैधतेचा प्रस्ताव मात्र निकालानंतर दाखल झाला. आजोबांची नोंद अखेर शेजारच्या गावातील प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडली, परंतु तोवर दुसरी फेरी होऊन गेली होती. वैधता नसल्याने तिचा विचार खुल्या प्रवर्गातून झाला आणि जागा मिळाली नाही. काही वर्षी शासनाने प्रस्तावाची पोच ग्राह्य धरून प्रमाणपत्रासाठी पुढील मुदत दिली आहे हे खरे. पण पोच मिळण्यासाठीदेखील प्रस्ताव दाखल झालेला असावा लागतो.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची गोष्ट उलट आहे. ते फार लवकर काढूनही चालत नाही, कारण ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. त्यासाठी आधी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, आणि निकालाच्या दिवसांत सेतू केंद्रापुढे रांग. अधिवास प्रमाणपत्राचेही तसेच. म्हसळा-श्रीवर्धनकडील ज्या कुटुंबांतील मुले आखाती देशांत दहावी करून परततात, त्यांनी राज्य कोट्याची पात्रता आधीच तपासावी. त्यासाठी साधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते. नीटच्या अर्जात प्रवर्ग लिहिताना केंद्राची यादी व राज्याची यादी निराळी असते, हेही घाईत निसटते.

किनाऱ्याचे म्हणून काही खास धोके आहेत. अर्जावर घरातील ज्याचा मोबाईल क्रमांक दिलेला असतो, तो बहुधा वडिलांचा असतो, आणि वडील बोटीवर असतात. ओटीपी त्या फोनवर येतो, फोन खोल समुद्रात मनोऱ्याच्या कक्षेबाहेर असतो, आणि मुलगी सायबर कॅफेत बसून राहते. फेब्रुवारी-मार्च हा मासेमारीचा भर आणि समुपदेशनाच्या फेऱ्या होतात तो काळ पावसाळी बंदी उठल्यानंतरचा. दोन्ही वेळी हीच अडचण. क्रमांक विद्यार्थ्याच्या किंवा आईच्या नावाचा द्यावा, इतका साधा उपाय आहे. पावसाळ्यात वीज व इंटरनेट दोन-दोन दिवस नसणे आपल्याला नवे नाही, परंतु शेवटच्या दिवसासाठी काम राखून ठेवणाऱ्याला ते सांगून काय उपयोग!

जागा मिळाल्यानंतरही घड्याळ थांबत नाही. यादी लागल्यापासून मूळ कागदपत्रे व शुल्क घेऊन महाविद्यालयात प्रत्यक्ष हजर होण्यास मोजकेच दिवस असतात. वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाल्यापासून आपल्या मुलाला वरळीचे पोदार किंवा खारघर मिळेल असे धरून चालता येत नाही. नागपूर, नांदेड वा धाराशिवही मिळू शकते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तिन्ही ठिकाणी प्रवासी रेल्वे नाही. पावसात रस्त्याने पनवेल वा माणगाव गाठून पुढची गाडी पकडावयाची, आणि बँकेचा धनाकर्ष तयार नसेल तर सुटीचा दिवस आड यावयाचा, यात दोन दिवस सहज जातात. शारीरिक योग्यतेचे प्रमाणपत्र माहिती पुस्तिकेतील नमुन्यातच लागते. ते देणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी आपल्या छापील कागदावर न लिहिता तो नमुना मागून घ्यावा, अन्यथा विद्यार्थ्याची एक फेरी आपल्यामुळे वाया जाईल.

पैशांचा हिशेब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास तसेच इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. परंतु ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे. जी मुलगी नोंदणी चुकल्याने अखेरीस संस्थास्तरीय कोट्यातून प्रवेश घेते, तिला तेच महाविद्यालय आणि तेच वर्ग मिळतात, मात्र शुल्क पूर्ण भरावे लागते. विलंबाची ही किंमत बापाला जाळी-होडी गहाण ठेवून चुकवावी लागते.

फेऱ्या संपत आल्या की मध्यस्थ फिरू लागतात. 'परराज्यात जागा रिकामी आहे, नीटचे गुण कमी असले तरी चालतील, तारीख मागची दाखवू.' अशा प्रस्तावाला कोणीही बळी पडू नये, हे मी स्पष्टपणे लिहितो. आयुष पदवीसाठी नीटमधील किमान पर्सेंटाइलची अट सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२० रोजी वैध ठरविली. २०१९-२० मध्ये आधीच प्रवेश घेतलेल्यांना अपवाद म्हणून पुढे शिकू दिले, तो अपवाद तेवढ्यापुरताच. अंतिम दिनांकानंतर दिलेला प्रवेश विद्यापीठ मान्य करीत नाही, आणि हे विद्यार्थ्याला कधी कधी पहिल्या परीक्षेचा अर्ज भरताना कळते.

'न्यायालयात जाऊ' असेही काही जण म्हणतात. एम.बी.बी.एस. प्रवेशासंबंधी मृदुल धर प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रक काटेकोर पाळण्यास सांगितले. १३ डिसेंबर २०१९ च्या कृष्णा श्रद्धा प्रकरणातील निर्णयाने थोडी वाट मोकळी केली, पण विद्यार्थ्याचा स्वतःचा काही दोष नसावा आणि त्याने विनाविलंब दाद मागितलेली असावी, या अटींवर. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क भरण्यास काही मिनिटे उशीर झालेल्या एका गरीब विद्यार्थ्याला आय.आय.टी. धनबाद येथे प्रवेश देण्याचा आदेश झाला. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेषाधिकार वापरावा लागला. त्या बातमीचे कात्रण दाखवून आपल्या मुलाची तारीख वाढत नाही.

शेवटच्या फेरीत रीतसर प्रवेश मिळाला तरी शैक्षणिक हानी होतेच. आयुष प्रवेश मुळातच लांबतात. २०२१ ची नीट १२ सप्टेंबरला झाली आणि त्या तुकडीचे समुपदेशन २०२२ सालात गेले. उशिरा आलेल्याचा प्रारंभीचा १५ दिवसांचा संक्रमण अभ्यासक्रम हुकतो. संस्कृत व पदार्थविज्ञानाचा पाया इतरांचा घालून झालेला असतो, रचना शारीराचे शवविच्छेदन पुढे गेलेले असते, आणि ७५ टक्के उपस्थितीचा नियम त्यालाही लागू असतो. अठरा महिन्यांच्या पहिल्या व्यावसायिक वर्षात ही तूट भरून निघते, परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती फार जड जाते.

एखादे वर्ष खरोखरच चुकले, तर रिकामी जागा कोठेही पकडण्यापेक्षा वैधता, अधिवास आदी कागद पूर्ण करून पुन्हा नीट देणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. ज्यांचा ओढा औषधनिर्मितीकडे आहे, त्यांनी एमएचटी-सीईटीवरून बी. फार्मसी किंवा बारावीच्या गुणांवर डी. फार्मसीचा विचार करावा. त्याची माहिती आपले औषधालयचालक बंधू आपल्यापेक्षा चांगली देऊ शकतील.

माझ्या चिकित्सालयात प्रतीक्षा-कक्षातील पथ्यापथ्याच्या तक्त्याशेजारी गेली काही वर्षे दुसरा एक कागद लावलेला आहे. वर 'मूल अकरावी विज्ञानात आहे काय?' एवढेच विचारले असून खाली दाखल्यांची यादी, वर दिलेले चार पुराव्यांचे दिनांक आणि 'नीटचा अर्ज : फेब्रुवारी' अशी नोंद आहे. औषधाची पुडी बांधून होईपर्यंत लोक तो वाचतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मदतनीस वाचून दाखवितो. परवा एका नाखव्याने तो पाहून, थोरली दहावीत आहे, आतापासून काय करू, असे विचारले. त्याला आजोबांचा शाळेचा दाखला शोधावयास सांगितला आहे.