गाजराचं पाणी नको, गाजर द्या!

बाळ मांडीवर झोपलंय आणि आवाज लावता येत नाही, अशांसाठी आजचा भाग लिहून देतोय.

तर झालं असं. माझी मुलगी सात महिन्यांची झाली आणि महिनाभरात तिचं वजन जागचं हललंच नाही. उष्टावण थाटात झालं होतं. रोज गाजर उकडून, गाळून त्याचं पाणी वाटीभर पाजत होतो. सोबत वरणावरचं पाणी. प्रत्येक वाटीची मोबाइलवर नोंदसुद्धा! डॉक्टरांनी ती पाहिली आणि एकच विचारलं, "गाळून उरलेलं गाजर कोण खातं?" म्हटलं, "मी." त्या म्हणाल्या, "मग वजन तुमचंच वाढणार ना!"

हसलो खरा, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता.

मुद्दा साधा आहे. बाळाचं पोट एवढंसं असतं. ते पाण्यानंच भरलं, तर दूधही कमी जातं आणि अन्नही. पोषण राहतं गाळणीत! म्हणून घट्टपणा बघायचा. चमचा तिरका केला की खाणं पटकन ओघळायला नको.

आता आमची कृती. लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या सात-आठ फोडी आणि मोठा चमचाभर धुतलेली मूगडाळ थोड्या पाण्यात घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या. मग पुरणयंत्रातून काढा किंवा चमच्यानं नीट घोटा. सैल करायचं तर शिजवलेलंच पाणी वापरा, ते फेकू नका. वरून अर्धा चमचा तूप. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन अंगी लागायला स्निग्धांश लागतो.

डाळ का? जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि नुसत्या भाजीनं ती गरज भागत नाही. खाणारे असाल तर नीट शिजवलेलं अंडंही द्या. डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले की लोह जास्त शोषलं जातं.

किती द्यायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवात करा. आधी दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठ महिन्यांपर्यंत हळूहळू एका वेळी साधारण १२५ मिली. आईचं दूध चालूच ठेवायचं.

नवी भाजी एका वेळी एकच, दोन-तीन दिवस. कोड दुरुस्त करताना आपण एकदम पाच बदल करत नाही ना? तसंच. पुरळ उठलं तर कशानं ते कळतं.

वर्षाच्या आत मीठ-साखर नको. मध तर चाटवायचाही नाही, बोट्युलिझमचा धोका असतो. कच्च्या गाजराचा तुकडा हातात देऊ नका, घशात अडकतो. पालक रोज ताजाच शिजवा. बाकीचं फ्रिजमध्ये एक दिवस चालतं, पण बाळाचा चमचा लागलेलं परत ठेवायचं नाही.

पुढच्या तपासणीला काटा हलला. आता वाटीत उरलेलं उष्टं माझ्या वाट्याला येतं, पण दोनच चमचे!

तुमच्या घरी अजून पाणीच गाळताय? आजच्या वाटीत फोडी घोटून बघा. आणि वजन हलत नसेल, तर माझ्यासारखा महिना घालवू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

भेटू पुढच्या भागात!