जिथे सागवानाला शंभर गुण मिळतात

डेहराडूनला उतरलेली मराठी मंडळी मसुरीच्या घाटाला लागण्याआधी एक दुपार हाताशी ठेवतात. त्या दुपारी टॅक्सीवाला हमखास सुचवतो ते ठिकाण म्हणजे ‘एफआरआय’. घंटाघरापासून चक्राता रोडने थोडे पुढे गेले की फाटक लागते. आत दोन्ही बाजूंना उंच झाडे, मग अवाढव्य हिरवळ, तिच्या टोकाला विटांची महालासारखी इमारत आणि पाठीमागे मसुरीचे डोंगर. ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधले कॉलेज ते हेच, हे कळल्यावर मोबाइल आपोआप बाहेर येतात. बरेच जण पाऊण तासात फोटो काढून परततात. आत शिरणारे थोडे, आणि आतल्या लाकडाच्या तुकड्यांपुढे पाच मिनिटे थांबणारे त्याहून थोडे.

थांबावे असे मात्र इथे पुष्कळ आहे. वन संशोधन संस्था हे तिचे नाव. आंब्याची फळी कपाटाला चालेल का, बाभळीचेच चाक का करायचे, ऐनाच्या वाशाला किती भार पेलवेल, ही सुताराच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट इथे पहिल्यांदा देशभरच्या लाकडांसाठी मोजली गेली आणि आकड्यांत मांडली गेली. त्या मोजणीसाठी जी पट्टी वापरली, ती होती सागवानाची.

चांदबागेतून न्यू फॉरेस्टला

या कहाणीची सुरुवात आगगाडीच्या रुळांखाली होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग पसरत गेले तसे स्लीपरसाठी साल, देवदार आणि सागाची जंगले झपाट्याने उतरू लागली. जंगल संपले तर रेल्वेही थांबेल, हे सरकारच्या ध्यानात आले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस 1864 मध्ये हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि 1878 मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली. तिच्यातूनच 1906 मध्ये इम्पीरियल फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. आरंभी ती गावातल्या चांदबागेत होती. आज तिथे दून स्कूल आहे.

चांदबाग अपुरी पडू लागल्यावर कौलागढची जमीन घेतली गेली. सी. जी. ब्लोमफिल्ड यांनी ग्रीक-रोमन वळणाचा आराखडा केला आणि 7 नोव्हेंबर 1929 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. या परिसराला ‘न्यू फॉरेस्ट’ म्हणतात. सुमारे 450 हेक्टरांत इमारती, रोपवाटिका, प्रयोगाची शेते आणि लावलेली जंगले आहेत. मुख्य इमारतीचे जोतेच अडीच हेक्टरांच्या आसपास भरते. लांबलचक ओवऱ्या, खांबांच्या रांगा आणि मधली चौकोनी अंगणे पाहताना साम्राज्याने आपला रुबाब दाखवण्यात कसूर ठेवली नव्हती हे कळते. ज्या संस्थेचा जन्म लाकडाच्या हिशेबापोटी झाला, तिची ओळख मात्र विटांच्या कामासाठी व्हावी, हा योगायोग गमतीचाच.

सातशे वर्षांची चकती

इमारतीत सहा संग्रहालये आहेत: काष्ठ, वनसंवर्धन, वनस्पतिरोग, कीटक, सामाजिक वनीकरण आणि अकाष्ठ वनोपज. वेळ कमी असेल तर काष्ठ संग्रहालय चुकवू नये. तिथे एका देवदाराच्या बुंध्याचा आडवा छेद ठेवला आहे. झाडाचे वय सातशे वर्षांहून जास्त. देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडाल्याला आज जितका काळ लोटला, साधारण तितका काळ हे झाड उभे होते.

चकतीजवळ वाकून पाहिले की दरवर्षाची दोन पट्ट्यांची नोंद दिसते. वसंतात झाड भराभर वाढते, तेव्हाचे लाकूड फिके आणि पोकळसर असते. वाढ मंदावली की येणारा पट्टा गडद आणि घट्ट असतो. फिका आणि गडद मिळून एक वर्ष. मध्याजवळच्या कड्या रुंद आहेत, बाहेर जावे तशा त्या इतक्या दाटतात की नुसत्या डोळ्यांनी मोजणे कठीण होते. तरुण झाडाची वाढ आणि म्हाताऱ्या झाडाची वाढ यांतला फरक एका नजरेत कळतो.

याच कड्या आणि त्यांच्यातली छिद्रे ही लाकडाची ओळखपत्रे. सागाच्या आडव्या छेदावर पाणी वाहणाऱ्या नळ्यांची मोठी छिद्रे कडीच्या सुरुवातीला रांगेत बसलेली दिसतात. आंब्यात ती सगळीकडे विखुरलेली असतात. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जात ठरते. या कामात इथले के. ए. चौधरी यांचे नाव मोठे. हडप्पाच्या उत्खननात एका दफनात शवपेटीचे अवशेष मिळाले होते. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी त्या लाकडाचा अभ्यास करून त्यात शिसव आणि देवदार ओळखले. देवदार हडप्पाच्या सपाट मुलखात उगवत नाही. म्हणजे हिमालयातून लाकूड खाली येत होते, हा व्यापाराचा पुरावा एका कुजक्या तुकड्याने दिला. आज तस्करीत पकडलेले लाकूड रक्तचंदन आहे की दुसरे काही, हेही याच पद्धतीने ठरते.

लाकडाची गुणपत्रिका

ओळख पटली, आता परीक्षा. चाचणीसाठी गाठ नाही, चीर नाही, असा निर्दोष तुकडा लागतो. वाकवण्याच्या चाचणीत 5 सेंटिमीटर रुंद, तितकीच जाड आणि 75 सेंटिमीटर लांब कांडी दोन टेकूंवर आडवी ठेवतात आणि मधोमध भार वाढवत नेतात. कांडी आधी लवते, मग खालच्या बाजूचे तंतू कडकडतात आणि शेवटी ती मोडते. किती लवली आणि किती भाराला मोडली, या दोन नोंदी वेगळ्या. पहिलीतून ताठपणा कळतो, दुसरीतून ताकद. कठीणपणा मोजायला 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात बरोबर अर्धी रुतेपर्यंत दाबतात. व्यास असा विचित्र का, तर अर्ध्या रुतलेल्या गोळीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर यावे म्हणून. प्रत्येक चाचणी ओल्या लाकडावरही होते आणि सुक्यावरही.

अशा हजारो चाचण्यांचे आकडे जमले, पण वखारवाल्याला किंवा इंजिनिअरला ते नुसते देऊन काय उपयोग? इथे एक मराठी आडनाव पुढे येते. व्ही. डी. लिमये हे या संस्थेत लाकडाच्या बलपरीक्षणाचे काम पाहत. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधिकेत भारतीय लाकडांची गुणधर्म आणि उपयोगानुसार वर्गवारी आहे. त्यातली युक्ती साधी: प्रत्येक गुणात सागवानाला शंभर द्यायचे आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. वजन, तुळई म्हणून ताकद, ताठपणा, खांब म्हणून योग्यता, धक्का सोसण्याची क्षमता, आकार टिकवणे, कातर-बल, कठीणपणा, असे एकेक विषय.

ही गुणपत्रिका वाचताना पुष्कळ गैरसमज गळून पडतात. सागवान सगळ्यांत पहिला येत नाही. सालाचे लाकूड ताकदीत आणि कठीणपणात शंभराच्या वर जाते, पण आकार टिकवण्यात बरेच खाली घसरते. बाभूळ धक्का सोसण्यात सागाच्या पुढे आहे. बैलगाडीचे चाक तिचे का, याचे उत्तर तिथे आहे. शिवण हलकी, पण वाळल्यावर वेडीवाकडी होत नाही. सागाचा मोठेपणा असा की तो कुठल्याच विषयात नापास होत नाही. आणि वाळवीला तो नको असतो. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायने आणि रबरासारखा पदार्थ असतो. कीड आणि पाणी दोन्ही त्यामुळे दूर राहतात. त्यात वाळूचा अंशही असतो. रंध्याचे पाते सागावर लवकर बोथट होते ते म्हणून.

सागवानाचे नाव निघाले की विदर्भ आठवणारच. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून सागाचे लाकूड रवाना झाले, तेव्हाच्या बातम्यांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाबद्दल डेहराडूनच्या याच संस्थेच्या अभिप्रायाचा उल्लेख होता.

साठ गुणांच्या लाकडाचे काय?

सगळ्या देशाला सागवान पुरणार नाही, हे संस्थेला पहिल्यापासून माहीत होते. त्यामुळे इथले खरे काम कमी गुणांच्या लाकडाला कामाला लावण्याचे. त्याच्या वाटा चार: सुकवणे, रसायन मुरवणे, चिकटवणे आणि लगदा करणे.

ताज्या ओंडक्यात पाणी ठासून भरलेले असते. नळ्यांमधले मोकळे पाणी निघून जाते तोवर लाकडाला काही होत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास उतरला की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसू लागते. तेही सगळीकडून सारखे नाही. कडीच्या दिशेने ते आरपार दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. फळी पन्हाळीसारखी वळते ती या फरकामुळे. पावसाळ्यात फुगून घासणारे दार हे त्याचेच उलटे रूप. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे भारतीय मानकांनी देशाचे चार विभाग केले आहेत. रत्नागिरीच्या हवेत बसवलेली चौकट नागपूरच्या उन्हाळ्यात उघडी पडते, त्याला सुतार जबाबदार नसतो. लाकूड कुठल्या हवेसाठी सुकवले हे कुणी विचारलेलेच नसते. भट्टीत तापमान आणि दमटपणा हळूहळू बदलत लाकूड कसे सुकवावे, याची भारतीय जातींसाठीची वेळापत्रके इथे तयार झाली. लहान गिरण्यांना बॉयलर परवडत नाही म्हणून सूर्याच्या उष्णतेवर लाकूड सुकवण्याचे प्रयोग एम. ए. रहमान आणि ओ. पी. चावला यांनी 1961 मध्येच प्रसिद्ध केले होते.

दुसरी वाट रसायनाची, आणि इथून निघालेला शोध जगभर गेला. सोंती कामेशम यांनी 1930 च्या दशकात तांबे, आर्सेनिक आणि क्रोमियमचे मिश्रण तयार केले. ‘अस्कू’ हे त्याचे नाव. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला. पण दोन्ही पाण्यात विरघळणारी. पहिल्याच पावसात वाहून जातील. कामेशम यांची कल्पकता क्रोमियममध्ये आहे. लाकडात शिरल्यावर क्रोमियमचे रासायनिक रूप बदलते आणि ते तांबे-आर्सेनिकला तंतूंमध्ये न विरघळणाऱ्या स्वरूपात जखडून टाकते. अमेरिकेत टेलिफोनचे खांब, कुंपणे, अंगणातले लाकडी ओटे अशा कामांत या जातीचे मिश्रण अनेक दशके वापरले गेले. मग आर्सेनिकची भीती पुढे आली आणि 2003 च्या अखेरीस अमेरिकी उत्पादकांनी घरगुती वापरासाठीचे बहुतेक उत्पादन स्वतःहून थांबवले. वाळवीला मारणारी गोष्ट माणसालाही बाधू शकते, हा धडा त्यातून मिळाला. जस्त, बोरॉन आणि तांब्यावर आधारलेले, आर्सेनिक नसलेले मिश्रण पुढे याच संस्थेत तयार झाले.

रसायनशाळेची परंपरा त्याहून जुनी. पंजाबीतले थोर कवी पूरण सिंग इथे 1907 पासून दशकभर रसायनतज्ज्ञ होते. वनातली सुगंधी तेले आणि कातडे कमावण्याची द्रव्ये हा त्यांच्या अभ्यासाचा प्रांत. विल्यम रेट यांनी बांबूपासून कागदाच्या लगद्याची रीत बसवली. बांबूतला स्टार्च आधी सौम्य द्रावणाने काढायचा आणि मगच तीव्र द्रावण लिग्निनवर सोडायचे, म्हणजे रसायन वाया जात नाही. 1925 मध्ये बांबूच्या कागदाला सरकारी संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे अशा संशोधनाची पुण्याई होती. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू पुढे बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला तो याच मार्गाने.

स्वातंत्र्यानंतर संस्थेची घडी बदलत गेली. 1986 मध्ये भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद स्थापन झाली आणि 1991 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. काष्ठविज्ञानात एमएस्सी करता येते अशा देशातल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. संशोधनाचा भर आता शेताच्या बांधावर वाढणाऱ्या पॉपलर, निलगिरीवर आणि बांबूपासून फळ्या बनवण्यावर आहे.

जाताना आणि आल्यावर

डेहराडून रेल्वेस्थानकावरून रिक्षा, टॅक्सी सहज मिळते. आवार मोठे आहे, त्यामुळे किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. मुले बरोबर असतील तर कीटक संग्रहालय आधी दाखवावे. लाकूड पोखरणारे भुंगे आणि त्यांनी कोरलेली बिळे शेजारीशेजारी पाहिली की बाकीची दालने मुले स्वतःच ओढत नेतात.

इथून परतल्यावर घराची दारे-खिडक्या करायच्या असतील तर वखारीत बोलणे बदलते. ‘अस्सल सागवान आहे ना?’ एवढ्याच प्रश्नाने काम भागत नाही. लवकर तोडलेल्या सागात गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते. त्याला नाव सागाचे असले तरी वाळवी ओळखत नाही. त्यापेक्षा विचारावे: लाकूड भट्टीत सुकवले आहे का, ओलावा किती टक्के, औषध मारले ते वरवर ब्रशने की दाबाखाली आतपर्यंत? आणि मला हवे आहे ते काय, ताकद की आकार टिकणे? आतल्या कपाटाला तुळईची ताकद नको असते. तिथे नीट सुकवलेली शिवण शंभर गुणांच्या सागाइतकीच नेटकी बसते, आणि एक सागाचे झाड रानात आणखी काही वर्षे उभे राहते.