स्टोरेजचा प्रोटोकॉल बदलताना डेटा कुठे जातो?

फायबर चॅनलचे स्विच जुने होतात, त्यांचा देखभाल करार दरवर्षी महागतो आणि शेजारच्याच रॅकमध्ये १० गिगाबिटचे इथरनेट पोर्ट रिकामे पडलेले असतात. मग कुणीतरी विचारतं, स्टोरेज आयस्कझीवर का नेत नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्यानंतरच्या चर्चेत एक जण म्हणतो, 'सगळा डेटा उडेल'. दुसरा म्हणतो, 'अहो, एका क्लिकचं काम आहे'. दोघंही चुकतात. त्यातला दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्याचं ऐकून लोक तयारीच करत नाहीत.

बोलण्याला आधार हवा म्हणून नेटअ‍ॅपची ई२८०० ही प्रणाली समोर ठेवू. तिच्या कंट्रोलरवरचे ऑप्टिकल पोर्ट १६ गिगाबिट फायबर चॅनल किंवा १० गिगाबिट आयस्कझी असे चालवता येतात. कोणता प्रोटोकॉल चालवायचा हे कंट्रोलरमधला 'फीचर पॅक' ठरवतो.

'प्रोटोकॉल बदलला की डिस्क पुसल्या जातात'

नाही. कोठाराचं दार बदललं म्हणून आतलं धान्य हलत नाही. होस्टशी बोलणारे पोर्ट कंट्रोलरच्या पुढच्या अंगाला असतात. डिस्क, रेडचे गट आणि व्हॉल्यूम मागच्या अंगाला. प्रोटोकॉल बदलतो तो पुढच्या अंगाचा. व्हॉल्यूमवरचा एकही ब्लॉक जागचा हलत नाही.

तरीही या भीतीत एक खरा कण आहे: कॅश. सर्व्हरने लिहिलेला डेटा आधी कंट्रोलरच्या मेमरीत येतो आणि डिस्कवर नंतर उतरतो. ई-सीरिजच्या कंट्रोलरमागे 'कॅश अ‍ॅक्टिव्ह' नावाचा हिरवा दिवा असतो. तो पेटलेला असेल तर मेमरीतलं काहीतरी अजून डिस्कवर उतरायचं आहे. सर्व्हरवरचं सगळं काम थांबवायचं, फाइल सिस्टम अनमाउंट करायच्या आणि दिवा विझेपर्यंत थांबायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

डेटा खरोखर जातो तो बहुधा बदलानंतर, माणसाच्या हातून. विंडोज सर्व्हरला नव्या वाटेने आलेली डिस्क 'ऑफलाइन' दिसू शकते. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, ऑनलाइन करण्याऐवजी एखादा ती 'इनिशियलाइज' करून मोकळा होतो. ईएसएक्सआयवरही तेच: जुना डेटास्टोअर दिसला नाही की त्याच लनवर नवा तयार करण्याचा मोह होतो. प्रोटोकॉल बिचारा निर्दोष असतो. म्हणून बॅकअप घ्यायचाच. तंत्रज्ञानावर अविश्वास म्हणून नव्हे, रात्री दोन वाजताच्या माणसावर अविश्वास म्हणून.

'केबल तीच, एसएफपी तेच, फक्त सेटिंग बदलायचं'

केबल बहुतेक वेळा खरंच तीच चालते. एलसी टोकांची ओएम३ किंवा ओएम४ फायबर दोन्हीकडे लागते. अंतराच्या बाबतीत तर इथरनेट उदार आहे: ओएम३ वर १६ गिगाबिट फायबर चॅनल १०० मीटरपर्यंत जातं, तर १० गिगाबिट इथरनेट ३०० मीटरपर्यंत.

एसएफपी मात्र दिसायला जुळे भाऊ असले तरी एक नव्हेत. ई२८०० साठी दोन्ही प्रोटोकॉल चालवणारे दुहेरी एसएफपी मिळतात. ते बसवलेले असतील तर नशीब. नसतील तर आधी मागवून ठेवायचे. आणि एसएएसच्या किंवा तांब्याच्या आरजे-४५ पोर्टमधून कितीही सेटिंगं केली तरी फायबर चॅनल निघणार नाही.

सेटिंगही मनात आलं की फिरवता येईल असं नाही. फीचर पॅकची की फाइल त्या एका प्रणालीपुरती बनवून घ्यावी लागते, तिच्या चॅसीचा सिरीयल नंबर आणि 'फीचर एनेबल आयडेंटिफायर' देऊन. ही फाइल हातात आल्याशिवाय बंदची वेळ जाहीर करू नये.

'दोन कंट्रोलर आहेत, एकेक करून बदलू, कुणाला कळणारही नाही'

हा गैरसमज जाणत्या माणसांचाही होतो, आणि त्याला कारण आहे. फर्मवेअर अपग्रेड करताना एक कंट्रोलर रीस्टार्ट होतो तेव्हा दुसरा भार उचलतो. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फीचर पॅक लावल्यावर मात्र दोन्ही कंट्रोलर रीस्टार्ट होतात. त्या वेळात स्टोरेज कुणाचंच नसतं. प्रत्यक्ष बंद त्याहून बराच लांबतो, कारण कंट्रोलर परत आले तरी सर्व्हर त्यांना ओळखत नाहीत.

'सर्व्हर आपोआप ओळखतील'

खरं काम इथे आहे, आणि ते जवळपास सगळं सर्व्हरकडचं आहे.

फायबर चॅनलमध्ये सर्व्हरची ओळख म्हणजे त्याच्या एचबीए कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, ६४ बिटांचा क्रमांक. आयस्कझीमध्ये ओळख म्हणजे आयक्यूएन: आधी वर्ष-महिना, मग उलट्या क्रमाने लिहिलेलं डोमेनचं नाव. कोणता व्हॉल्यूम कोणत्या होस्टला द्यायचा ही नोंद स्टोरेजमध्ये तशीच राहते, पण त्या होस्टच्या नावाखाली जुने डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतात. तिथे नवे आयक्यूएन भरेपर्यंत दारात आलेला सर्व्हर परकाच. स्विचवरचं झोनिंगही निरुपयोगी होतं. त्याची जागा आयपी पत्ते आणि व्हीलॅन घेतात.

लिनक्सवर दोन गोष्टी हमखास अडकवतात. एफएसटॅबमध्ये त्या माउंटपुढे '_नेटडेव्ह' लिहिलं नाही, तर यंत्र नेटवर्क उठण्याआधीच डिस्क शोधू लागतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. दुसरी गोष्ट वेळमर्यादेची. ओपन-आयस्कझीत तुटलेल्या सेशनची वाट पाहण्याचा मूळ अवधी १२० सेकंद आहे. मल्टिपाथ असताना तो बराच कमी ठेवावा लागतो. नाहीतर एक केबल निघाली की दुसरी वाट शाबूत असूनही डेटाबेस दोन मिनिटं ताटकळतो.

सर्व्हर सॅनवरूनच बूट होत असतील तर त्यांची यादी वेगळी काढा. ते उठणारच नाहीत, म्हणजे त्यांच्यात लॉग-इन करून काही दुरुस्त करायचीही सोय नाही.

'१६ वरून १० वर आलो म्हणजे सगळं मंदावणार'

कागदावर दर पोर्टमागे वेग कमी होतो, हे मान्य. १६ गिगाबिट फायबर चॅनल एका दिशेने सेकंदाला सुमारे १६०० मेगाबाइट नेतं. १० गिगाबिट इथरनेटची कमाल १२५०. रात्रीचा मोठा बॅकअप घेणाऱ्यांना हा फरक जाणवेल. पण जुन्या ८ गिगाबिट फायबर चॅनलवरून येणाऱ्यांचा उलट फायदाच आहे. तिथे ८बी/१०बी एन्कोडिंगमध्ये दर दहा बिटांतले दोन खर्ची पडत आणि हाती सुमारे ८०० मेगाबाइट येत.

शिवाय मागे काय आहे ते पाहा. ७२०० आरपीएमच्या डिस्कला हवा तो सेक्टर खाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, निव्वळ फिरण्यात. त्यापुढे प्रोटोकॉलमधल्या काही मायक्रोसेकंदांची चर्चा करणं म्हणजे वेळेचा अपव्यय. 'एन्व्हीएमई ओव्हर टीसीपी घेतलं की जुनं स्टोरेज पळेल' या समजालाही हेच उत्तर. २०११ मध्ये आलेल्या एन्व्हीएमईत हजारो रांगा ठेवायची सोय आहे. पण त्या रांगा भरभर हलायला मागे फ्लॅश लागतं. तिकडे जायचंच असेल तर हेही लक्षात ठेवा की तिथे लन नसतो, नेमस्पेस असतो. उपकरणाची नावं, मल्टिपाथची पद्धत, क्लस्टरची मांडणी सगळं नव्याने तपासावं लागतं.

वेग खरोखर पडतो तो नेटवर्कच्या ढिसाळपणामुळे. फायबर चॅनलमध्ये समोरच्याकडे जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवलीच जात नाही. इथरनेट गर्दीत फ्रेम टाकून देतं आणि टीसीपी ती पुन्हा पाठवत बसतं. त्यामुळे ऑफिसच्या सीसीटीव्ही आणि प्रिंटरच्या स्विचवर आयस्कझी चालवणं हा शुद्ध आळस आहे. दुसरा नेहमीचा घोळ जम्बो फ्रेमचा. सर्व्हर आणि स्टोरेजवर एमटीयू ९००० आणि मधल्या एका स्विचवर १५००, अशी गत असली की साधा पिंग जातो, लॉग-इन होतं, व्हॉल्यूम दिसतो आणि मोठी फाइल लिहायला घेतली की सगळं थिजतं. म्हणून पॅकेट तोडायला मनाई करून ८९७२ बाइटचा पिंग करून पाहावा. आयपी आणि आयसीएमपीचे मिळून २८ बाइट धरले की ९००० भरतात. हा पिंग प्रत्येक वाटेवर जाईपर्यंत पुढे जाऊ नये.

सुरक्षेचंही तसंच. आयस्कझी स्वतःहून डेटा एन्क्रिप्ट करत नाही, आणि चॅप फक्त ओळख तपासतं. वेगळा व्हीलॅन ही किमान अट.

'नाही जमलं तर परत फिरू'

फिरता येतं, पण परतीच्या वाटेलाही जुन्या प्रोटोकॉलचा फीचर पॅक लागतो, आणि पुन्हा दोन्ही कंट्रोलरचा रीस्टार्ट. दुसऱ्या ठिकाणच्या स्टोरेजशी सिंक्रोनस मिररिंग चालू असेल तर प्रश्न आधीच मिटतो: ई-सीरिजमध्ये ते फायबर चॅनलवरच चालतं, म्हणून तशा जोडीतली प्रणाली आयस्कझीवर नेण्याआधी मिररिंगची दुसरी व्यवस्था ठरवावी लागते. बाकीच्यांनी जुनं झोनिंग त्याच रात्री पुसू नये, आणि काढलेले एसएफपी भंगारात देण्याआधी एक महिनाअखेरीचा ताण नव्या जोडणीवर जाऊ द्यावा.