जुनी चेतक, उतारवय आणि मुंबईचा पाऊस: पावसाळ्याआधी स्कूटर कशी तयार करायची?

‘चेतक’ म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर २०२० साली बाजारात आलेली, आवाज न करणारी इलेक्ट्रिक स्कूटर येत असेल. मी आज तिच्या थोरल्या बहिणीबद्दल लिहितोय. पत्र्याची बॉडी, डाव्या मुठीत फिरणारे गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक इंजिन. बजाजने ही चेतक १९७२ मध्ये आणली, आणि एके काळी तिच्यासाठी लोक अनेक वर्षं नंबर लावून थांबायचे. माझी १९९८ ची आहे. मी ६८ वर्षांचा, राहायला मुलुंड पूर्वेला.

तुमच्याकडे अशी स्कूटर नसेलही. पण तुमच्या बाबांकडे, आजोबांकडे किंवा शेजारच्या काकांकडे असण्याची शक्यता बरीच आहे, आणि पावसात ती बंद पडली की फोन तुम्हालाच येतो. म्हणून हा लेख. गाडी जुनी आणि चालवणारा म्हातारा असला की तयारीचे दोन भाग होतात. एक गाडीचा, दुसरा चालवणाऱ्याच्या गुडघ्यांचा. दुसऱ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

तयारी कधी करायची?

मुंबईत मान्सून येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन धडकला, आणि ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. माझा हिशोब साधा आहे: १५ मेपर्यंत सगळं आटपायचं. त्यानंतर गॅरेजवालेही गर्दीने त्रासलेले असतात, आणि जुन्या चेतकची केबल दुकानात लगेच मिळेल याचा भरवसा नसतो. क्लचची एक आणि गिअरची एक केबल मी नेहमी घरात ठेवतो.

सगळ्यात आधी टाकी बघा

पावसाळा म्हटलं की लोक आधी टायर बघतात. मी आधी पेट्रोलची टाकी बघतो. कारण गेल्या काही वर्षांत पेट्रोलच बदललंय.

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई-२०, म्हणजे त्यात सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. भारताने २०३० साठी ठरवलेलं हे लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि त्याला पाण्याचं भारी प्रेम. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते वेगळं राहून तळाला बसतं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी आधी विरघळून जातं, दिसतसुद्धा नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. टाकीत दोन थर होतात: वर पेट्रोल, खाली पाणी आणि अल्कोहोल.

आता टू-स्ट्रोकची गंमत बघा, खरं तर धोका. या इंजिनात ऑइल वेगळं नसतं. आपण पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल घालतो, एका लिटरला साधारण २० मिली. इंजिनच्या आतल्या पिस्टनला, बेअरिंगला वंगण मिळतं ते फक्त या मिश्रणातून. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतं, पाण्यात मिसळत नाही. म्हणजे तळाच्या थरात ऑइल जवळपास नसतंच. आणि पेट्रोल कॉकची नळी कुठून ओढते? तळाकडूनच. त्यातही ‘रिझर्व्ह’ला टाकलं की अगदी खालून. अशा वेळी गाडी आधी अडखळते, बंद पडते. कशीबशी चालू राहिलीच, तर वंगणाशिवाय चालते आणि पिस्टन जॅम होण्याची वेळ येते. जुन्या चेतकचं इंजिन जॅम झालं की खर्च बघून घरचे म्हणतात, ‘आता भंगारात द्या.’ माझी सगळी खटपट ती वेळ येऊ नये म्हणून आहे.

पाणी शिरतं कुठून? हवेतल्या दमटपणातून थोडं येतं, पण माझ्या मते खरा चोर म्हणजे टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर. चेतकचं झाकण सीटखाली असतं. सीट फाटलेली असेल तर पाणी झिरपत थेट झाकणावर जमतं, आणि वॉशर कडक झाला असेल तर तिथून आत. म्हणून दर मे महिन्यात वॉशर नवा. फार किरकोळ खर्चाची वस्तू आहे. त्याबरोबर पेट्रोलची रबरी नळीही बदलून घ्या, कारण जुन्या गाड्यांमधलं रबर इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं किंवा त्याला चिरा जातात. मेकॅनिकला ‘ई-२० ला चालणारी नळी दे’ असं स्पष्ट सांगा. मीटरवर मिळणारी कुठलीही पारदर्शक नळी लावू देऊ नका.

तपासणी घरी करता येते. मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी नसताना, नळी कार्बोरेटरकडून काढा. कॉक रिझर्व्हला टाकून काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. अर्धा तास बाटली हलवू नका. टू-टी ऑइलला बहुतेक वेळा रंग असतो, त्यामुळे तळाशी बिनरंगाचा वेगळा थर आला तर तो लगेच कळतो. मला चष्मा लावूनही अशा गोष्टी नीट दिसत नाहीत, म्हणून बाटलीमागे पांढरा कागद धरून मोबाईलने फोटो काढतो आणि झूम करतो. थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवून घ्यायची. वरचं पेट्रोल वाचवायच्या भानगडीत पडू नका, कारण त्यातून इथेनॉल निघून गेलेलं असतं. आणि ते गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

घरी काय, गॅरेजला काय?

पन्नाशीपर्यंत मी सगळं घरीच करायचो. आता कामांची वाटणी केलीय. जे स्टुलावर बसून होतं ते माझं, ज्यासाठी जमिनीवर बसावं लागतं ते मेकॅनिकचं.

माझ्याकडे येतं ते असं: प्लग काढून साफ करणं, त्याच्या रबरी टोपीला चीर आहे का ते बघणं, केबलमध्ये ऑइल सोडणं. पायाखालची रबरी मॅट उचलून बघणं तर फारच महत्त्वाचं. चेतकला वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडी हीच तिची चौकट. मॅटखाली पाणी साचून पत्रा गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही. मी मॅट काढून, गंज घासून, रंग मारतो आणि पावसाळाभर मॅट लावतच नाही. त्यामुळे पाय घसरतो, म्हणून तिथे खरखरीत चिकटपट्टी लावलीय. एखादा भाग खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढायची सवय मला नातवाने लावली. पूर्वी कुठला वायसर कुठे होता हे डोक्यात राहायचं, आता गॅलरीत राहतं.

ब्रेक आणि टायर मी गॅरेजलाच देतो. दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत, पाणी गेलं की काही क्षण पकडतच नाहीत. म्हणून पाण्यातून बाहेर आलं की हळू चालवत, ब्रेक हलके दाबत ते वाळवायचे. टायर अवघ्या १० इंची रिमचे. मोठ्या चाकाची बाईक ज्या खड्ड्यावरून जाते, त्यात हे चाक बसतं. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाने झालेला खडबडीतपणा आणि त्यावरच्या लोखंडी प्लेटा ओल्या असताना मी तिकडे स्कूटर नेतच नाही.

आता गुडघा. किक मारणं हे माझ्या वयात यंत्राचं नव्हे, हाडांचं काम आहे. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यावर जोर देऊ नका सांगितलंय आणि चेतकची किक उजवीकडेच असते. उपाय म्हणजे गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होईल इतकी ट्यूनिंगमध्ये ठेवणं. पाच किकनंतरही चालू झाली नाही, तर मी थांबतो आणि रिक्षा करतो. किक मारण्याआधी स्कूटर तिरकी करायची आमच्या पिढीची सवयही सोडली. साधारण शंभर किलोचं धूड आहे, ओल्या लादीवर चप्पल सरकली तर ते अंगावर येणार. मेन स्टँडवर लावूनच किक, आणि पायात बूट.

पाणी कुठपर्यंत चालतं?

हिशोब करून बघू. १० इंची रिम आणि वर-खाली साधारण साडेतीन इंचाचा टायर, म्हणजे चाकाचा व्यास १७ इंच. चाकाचा मध्य जमिनीपासून साडेआठ इंच, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटरवर. ठिणगी तयार करणारा मॅग्नेटो मागच्या चाकाच्या शेजारी, साधारण त्याच उंचीला. सायलेन्सर त्याहून खाली. वर इंजिन थंड करणारा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर उडणारं पाणीही. म्हणून माझा नियम: रस्त्यावरच्या पाण्यात फूटपाथची कड दिसेनाशी झाली की स्कूटर पुढे न्यायची नाही.

इंजिन हा झाला एक भाग. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर हे नामवंत पोटविकारतज्ज्ञ एल्फिन्स्टन रोड भागात साचलेल्या पाण्यातून चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि त्यांचा जीव गेला. पाण्याखाली काय आहे हे चालणाऱ्याला दिसत नाही, तसंच चालवणाऱ्यालाही दिसत नाही. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तर पाणी बघता बघता चढतं. ‘त्याची गाडी गेली, माझीही जाईल’ हा हिशोब तिथे लावू नका.

पाण्यात बंद पडली तर

पहिली गोष्ट म्हणजे किक मारू नका. तुमच्या बाबांना हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल, कारण आमच्या पिढीचा किकवर फार विश्वास.

कारण असं: पिस्टन वर जाताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन मध्येच अडतो, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि किकवर दिलेला सगळा जोर उलटा तुमच्या गुडघ्यावर येतो. तेव्हा कॉक बंद करा, गाडी ढकलत उंच जागेवर न्या. तीही एकट्याने नाही, कुणाला तरी हाक मारा. मग प्लग काढायचा आणि प्लगशिवाय हळू किक देऊन आतलं पाणी बाहेर काढायचं. प्लग पुसून, वाळवून परत लावायचा. टाकीत पाणी गेल्याची शंका असेल तर चालू करायचीच नाही, आधी बाटलीची तपासणी.

साचलेल्या पाण्यात पाय भिजले असतील तर आणखी एक काम आहे. उंदीर, कुत्री यांच्या मूत्रातून त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. पायाला जखम असेल तर धोका जास्त, आणि आमच्या वयात टाचांना भेगा असतातच. महापालिका दर पावसाळ्यात सांगते तसं ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी लागेल का ते विचारा. ताप यायची वाट बघू नका.

मोबाईलमध्ये काय हवं?

हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप घ्या, आणि रंगांचा अर्थ पाठ करा. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. तुलनेसाठी सांगतो, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी माझी स्कूटर जागची हलत नाही.

त्याच्याबरोबर भरतीची वेळ बघा. मुंबईतलं पावसाचं पाणी खाडीत आणि समुद्रात जातं. मोठी भरती असली की ते बाहेर पडायला जागाच राहत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी तुंबणार असं धरून चाला. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आजोबांच्या फोनमध्ये नावासकट सेव्ह करून द्या.

कागदपत्रं डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवा. ती कायद्याने चालतात, आणि माझी मूळ आरसी डिकीत भिजत नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. माझी २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये वाढवून झाली, पुढची २०२८ ला. ती तारीख, विम्याची तारीख आणि पीयूसीची तारीख अशी तिन्ही रिमाइंडर लावून ठेवा. हे काम तुम्ही पाच मिनिटांत कराल, आम्हाला अर्धा दिवस लागतो.

पार्किंगमध्ये गाडी प्लास्टिकच्या कापडाने घट्ट गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि पत्रा जास्त गंजतो. हवा खेळेल असं कव्हर घ्या, ते नसेल तर जुनी सुती चादर बरी, ओली झाली की बदलायची. पाऊस सलग लागला तरी आठवड्यातून एकदा सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं गाडी फिरवा, आणि थांबवताना पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी पहिली किक पुरते.