जतनाचे साधन नवे, जबाबदारी जुनीच

१५ एप्रिल २०१९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी सायंकाळी, पॅरिस येथील नोत्र दाम महामंदिराला आग लागली. तेराव्या शतकातील ओकच्या लाकडाचा छताचा सांगाडा जळून खाक झाला आणि एकोणिसाव्या शतकात उभारलेला उंच मनोरा कोसळला. जगभरच्या भाविकांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर हताशपणे पाहिले. साडेपाच वर्षांनंतर, ७ डिसेंबर २०२४ रोजी, त्या मंदिराची दारे पुन्हा उघडली. जे राखेत मिसळले, ते पूर्वीच्याच रूपात पुन्हा कसे उभे राहू शकले, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आगीपूर्वी नऊ वर्षे मागे सापडतो. २०१० साली अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कला-इतिहासकारांनी त्या मंदिराची लेसर किरणांच्या साहाय्याने मोजणी केली होती. या पद्धतीत एका तिकाटण्यावर ठेवलेले यंत्र चहूबाजूंना किरण सोडते. किरण भिंतीवर वा खांबावर आदळून परत येतो आणि त्यावरून त्या बिंदूचे अंतर कळते. टॅलन यांनी हे यंत्र पन्नासहून अधिक ठिकाणी ठेवून १०० कोटींहून अधिक बिंदू नोंदविले. ते २०१८ साली निवर्तले. आपल्या परिश्रमांचे मोल किती, हे पाहण्यास ते राहिले नाहीत.

मात्र केवळ यंत्राने हे कार्य सिद्धीस गेले, असे समजणे योग्य होणार नाही. छताच्या सांगाड्यातील तुळयांची मापे रेमी फ्रोमाँ व सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी आगीपूर्वीच जागेवर जाऊन घेतली होती व त्यांचे तपशीलवार आराखडे काढून ठेवले होते. पुनर्बांधणीसाठी सुमारे २,००० ओक वृक्ष निवडण्यात आले आणि सुतारांनी सांगाड्याच्या तुळया जुन्या रीतीप्रमाणे कुऱ्हाडीने तासल्या. यंत्राने आठवण राखली. ती पुन्हा लाकडात उतरविली ती माणसाच्या हातांनी.

अशी आठवण संकट येण्यापूर्वीच जपून ठेवावी, हा विचार आता सर्वत्र रुजत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोम येथील संत पेत्र महामंदिराची संगणकीय प्रतिकृती जगासमोर आली. त्यासाठी ड्रोन, कॅमेरे व लेसर वापरून ४,००,००० हून अधिक छायाचित्रे घेण्यात आली होती. रोमला कधीही जाऊ न शकणारी व्यक्ती आता घरबसल्या तेथील घुमट न्याहाळू शकते. शिवाय भिंतींना गेलेले तडे आणि कुट्टिमचित्रांतील निखळलेले तुकडेही या कामातून लक्षात आले. अशा रीतीने दर्शन आणि देखभाल असे दोन्ही हेतू साधले गेले.

व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुमारे ८०,००० हस्तलिखिते आहेत. पूर्वी ती पाहण्याचे भाग्य मोजक्या विद्वानांनाच लाभत असे. आता त्यांतील हजारो हस्तलिखिते महाजालावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कागद शेकडो वर्षे टिकतो; संगणकातील फाईल मात्र वीस वर्षांतच उघडेनाशी होऊ शकते, कारण ती वाचणारी यंत्रणाच कालबाह्य होते. म्हणून या ग्रंथालयाने खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो ‘फिट्स’ हा प्रकार निवडला. त्यात फाईल कशी वाचावी याची माहिती साध्या अक्षरांत फाईलच्या आरंभीच लिहिलेली असते. सारांश, प्रतिकृती करून ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. प्रतिकृतीचेही जतन करावे लागते.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे स्मरण करून देऊ इच्छितो. मराठी ख्रिस्ती साहित्याचा मुकुटमणी असलेला, सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. भाविकांनी ओवी न् ओवी हाताने उतरवून घेतली आणि पुढील पिढीच्या स्वाधीन केली. अशा प्रतींच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. त्याचे देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडन येथे मार्सडेन संग्रहात सुरक्षित आहे. छापखाना हे त्या काळचे सर्वांत नवे तंत्रज्ञान होते, तरीही केवळ त्याच्या भरवशावर हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला नसता.

म्हणूनच आम्हांला वाटते की, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या ठेव्याकडे आजच पाहावे. जुनी छायाचित्रे, सणांच्या पत्रिका, हस्तलिखित गायनसंग्रह, वृद्ध मातांच्या ओठी असलेली लग्नगीते, हे सारे आपल्या युवकांच्या हातातील मोबाईलवरही टिपता येईल. छायाचित्रासोबत स्थळ, साल व व्यक्तींची नावे अवश्य लिहावीत, कारण नावाविना छायाचित्र दोन पिढ्यांत मुके होते. प्रत्येक गोष्टीच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्यांत लोकांची खासगी माहिती असते. त्यांची प्रत धर्मगुरूंच्या परवानगीनेच करावी व ती जतनासाठीच राहावी, महाजालावर जाऊ नये. आणि प्रत काढून झाली म्हणून मूळ वही रद्दीत टाकू नये.

पडद्यावरचे ख्रिस्तमंदिर पाहून डोळे तृप्त होतील, परंतु मिस्सा त्या पडद्यावर साजरी होत नाही. प्रतिकृती ही मूळ वस्तूची जागा घेण्यासाठी नसून तिची राखण करण्यासाठी आहे. नोत्र दामच्या वाट्याला टॅलन आले, ख्रिस्तपुराणाच्या वाट्याला ओव्या उतरवून घेणारे अनाम हात आले. आपल्या गावच्या ठेव्यासाठी ते हात आपलेच असावे लागतील.